उसवलेल्या लोकरीचा इतिहास

मराठीतले 'विणणे' हे क्रियापद मोठे सोशिक आहे. मागावर लुगडे विणतात, सुतळीने बाज विणतात आणि दोन सुयांवर स्वेटरही विणतात. तरी 'विणकर' म्हटले की डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुष येतो आणि 'विणकाम' म्हटले की मांडीवर लोकरीचा गुंडा घेतलेली बाई. पहिल्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. पैठणीचा आहे, हिमरूचा आहे, इचलकरंजी-मालेगावच्या मागांचा आहे. दुसरीचा शोधायला जावे, तर कपाटे रिकामी.

गेली सहा-सात वर्षे मी परभणी, सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या भागातल्या ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या घरांतून जुने विणकाम पाहत फिरते आहे. मी स्वतः हौसेने विणते, एवढेच या अभ्यासाचे भांडवल. क्रोशाचे रुमाल, तोरणे, परकराच्या लेसा भरपूर निघाल्या. काहींना तर साठ-सत्तर वर्षे झालेली. लोकरीची पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू मात्र साऱ्या घरांत मिळून चारच निघाल्या. एवढे स्वेटर विणले, मग गेले कुठे, असे विचारले की प्रत्येक घरात तेच उत्तर, त्याच सहज सुरात : "उसवले की."

आधी हे उत्तर मला टोलवाटोलवीचे वाटायचे. आता वाटते, आमच्या भागातल्या विणकामाचा सगळा इतिहास या दोन शब्दांत आहे.

परभणीत स्वेटर कशाला लागतो, अशी शंका पुण्या-मुंबईच्या वाचकाला येईल. मे महिन्यात आमच्याकडे पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो हे खरे. पण ही माती जशी तापते तशीच निवते. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता आणि थंडीच्या बातम्यांत निफाडच्या जोडीला परभणीचे नाव हमखास येते. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते. ही थंडी दीड-दोन महिन्यांचीच असते आणि तीही पहाटेची. ऊन वर आले की स्वेटर दोरीवर. म्हणजे गरज खरी, पण वर्षातले दहा महिने पेटीत पडून राहणारी. या दहा महिन्यांचा या कहाणीशी जवळचा संबंध आहे, कारण पेटीत पडलेली वस्तू बाईच्या नजरेत असते. कोणाला आखूड झाली, कशाचे कोपर विरले, कशातून काय निघेल, याचा हिशेब ती उन्हाळाभर करीत असते.

सुयांवरचे विणकाम आपल्याकडचे मूळचे नव्हे. इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे या कलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोडतात. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. युरोपात उलट टाका खात्रीने दिसतो तो सोळाव्या शतकात : १५६२ मध्ये वारलेल्या फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दी तोलेदो या राजस्त्रीच्या दफनातल्या मोज्यांवर. आज आमच्या गल्लीतली बाई 'एक सुलट, एक उलट' म्हणत जी बॉर्डर घालते, तिच्यातला निम्मा भाग तेव्हा युरोपात नवा होता. हिंदुस्थानात हे काम आले ते युरोपीय बायकांबरोबर, आणि रुजले ते मुख्यतः मिशनच्या शाळांतून. अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षणाच्या संदर्भात हे नाव वाचकांना ठाऊक असेल. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. आईबापांना मुलगी शाळेत पाठवायला धीर देणारा तो विषय होता. पोर अक्षरे शिकली तर बिघडेल, टाके शिकली तर बिघडणार नाही, असा हिशेब. पुढे आपल्या लोकांनी काढलेल्या मुलींच्या शाळांनी आणि रमाबाई रानड्यांच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-विणकामाला जागा दिली, तीही काही अंशी याच कारणाने आणि काही अंशी विधवांना चार पैसे मिळावेत म्हणून.

पण परभणी ब्रिटिश मुलखात नव्हती. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. मिशनच्या शाळांचे जाळे इकडे विरळ, मुलींच्या शाळा मोजक्या. मग हे काम आले कसे? घरोघर विचारले तेव्हा उत्तरे एकसारखी आली. नगरच्या मामीने शिकवले, पुण्याची काकू घेऊन आली, औरंगाबादच्या शाळेत बाई होत्या त्यांनी दाखवले. पुस्तकातून शिकले असे सांगणारी बाई मला भेटली नाही. सरहद्दीपलीकडून सून आणली की तिच्याबरोबर भांडीकुंडी येत तशी एक क्रोशाची सुई येई. मराठवाड्यात विणकाम आले ते लग्नांच्या वाटेने, आणि त्या वाटेची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

आधी आला क्रोशा. त्याला लागते एक आकडी सुई आणि पिळदार सूत. ना हिवाळ्याची वाट, ना लोकरीचा खर्च. देवापुढचा रुमाल, दाराचे तोरण, ताटावरचे झाकण असे काहीही होते. इथे आमच्याच नदीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तिचा परदेशी व्यापार उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये या लेसवालींवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की लाखोंचा माल तयार करणाऱ्या या बायका कामगार म्हणून मोजल्याच जात नाहीत, कारण त्या 'घरी बसलेल्या' असतात आणि लेस 'फावल्या वेळात' होते. नदीच्या वरच्या अंगाला आमच्याकडे व्यापार कधी उभा राहिला नाही, पण भाषा तीच. 'बसल्या बसल्या केलं' हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले की वहीत लिहिणे सोडून दिले. १९६१ च्या जनगणनेत 'घरगुती उद्योग' असा वेगळा रकाना आला, पण घरच्यापुरते केलेले काम त्यात धरायचे नव्हते. सरकारच्या हिशेबी परभणी जिल्ह्यात स्वेटर कोणी विणलेच नाहीत.

आता लोकरीकडे येऊ. मराठवाड्यात मेंढ्यांची वाण नाही. हटकर धनगरांचे कळप आजही दिवाळीनंतर रानात बसतात. मग स्वेटरची लोकर कानपूरहून का यावी? याचे उत्तर मला वाचून मिळाले नाही, हात घालून मिळाले. ओळखीच्या एका धनगर कुटुंबाकडून मी चरख्यावर कातलेली दख्खनी मेंढीची लोकर आणली आणि मोठ्या उमेदीने बंडी घातली. ती लोकर काळी, दणकट आणि राठ. सुईवरून सरकताना करकरते, मधेच जाड, मधेच दोऱ्यासारखी बारीक. पाठ पूर्ण झाली तेव्हा तिला धरून उभी केली तर ती उभी राहिली! अंगाला लावली तर सदऱ्यावरूनही टोचे. ही लोकर घोंगडीची. सनगर तिला मागावर ताणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि मग ती पाऊस झेलते, थंडी अडवते, शेणामातीत लोळते. तिचा धर्म तो. तिला गळ्याशी बिलगायला सांगणे हा माझाच अडाणीपणा. सुयांच्या विणकामाला मऊ, लांब तंतूंची लोकर हवी, आणि ती मेरिनो जातीच्या मेंढीची, बहुतेक परदेशातून येणारी. तिचे धागे करणाऱ्या मोठ्या गिरण्या उत्तरेत होत्या : कानपूरची, १८७६ ला निघालेली, जी 'लाल इमली' म्हणून घराघरात माहीत होती, आणि पंजाबात धारीवालला १८८० ची. मनमाडहून परभणीवरून हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅलीची रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. तिने आमचा कापूस बाहेर नेला, सेलू-मानवतच्या बाजारपेठा वाढवल्या, आणि परतीच्या डब्यांतून ज्या नव्या वस्तू आल्या त्यांत कधीतरी लोकरीच्या लडीही आल्या. तिन्ही बाजूंनी मेंढरे आणि कापूस असलेल्या मुलखात स्वेटरचा धागा पहिल्यापासून विकतचा आणि लांबचा होता. जपण्याचे मूळ कारण हे.

या धाग्याला सार्वजनिक मान मिळाला तो एकदाच, १९६२ मध्ये. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले. उन्हाळी सुती गणवेशात जवान हिमालयातल्या उंचीवर पाठवले गेले होते, ही बातमी लोकांच्या जिव्हारी लागली. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस, युद्ध चालू असतानाच आली. देशभर बायकांनी दागिने दिले, तसे स्वेटर, मफलर, मोजेही विणून दिले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हटले गेले. माझी आई तेव्हा चौदा वर्षांची. तिला आठवते ते असे : शाळेत बाईंनी हिरवट खाकी लोकरीच्या लडी वाटल्या, मोठ्या मुलींना कानटोप्या आणि धाकट्यांना मफलर. तिच्या वाट्याला मफलर आला. वर्गात गणिताच्या तासालाही विणायची परवानगी होती. ज्या मुलींना घरून 'बाहेर मिरवत विणू नको' अशी ताकीद असे, त्या वेशीजवळच्या पारावर बसून उघड विणू लागल्या. युद्ध महिन्याभरात थांबले. मफलर वेळेत पोचला का, हे आईला कधी कळले नाही. पण जिल्ह्यातल्या ज्या ज्या बाईने मला सुया कधी धरल्या ते साल सांगितले, त्यांतल्या बऱ्याच जणी 'चीनच्या लढाईत' असेच सांगतात. आमच्या भागात दोन सुयांचे विणकाम मोजक्या घरांतून बाहेर पडून गल्लीत आले ते त्या हिवाळ्यात, असे माझे मत झाले आहे.

सुया मिळण्याची मात्र पंचाईत होती. दुकानात मागायच्या त्या विलायती नंबराने. त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर सव्वातीन, बारा नंबर पावणेतीन. नव्या बायका हमखास उलटे आणत. नाही मिळाल्या तर सायकलचे स्पोक दगडावर घासून टोक काढत. स्पोक जेमतेम दोन मिलिमीटरचा, त्यामुळे त्याच्यावर तान्ह्याचे मोजे आणि टोपड्याच्या कडा सुरेख येत. तसे दोन स्पोक मला पाथरीच्या एका घरात बघायला मिळाले. शेंड्यांना लाखेची बोंडे, टाके सटकू नयेत म्हणून.

आईची विणीची वही मात्र आमच्याच घरातली. दुकानाच्या जमाखर्चाची अर्धी कोरी राहिलेली वही, तिच्या मागच्या पानांपासून सुरुवात. 'पाठ ११२ टा., १ सु. १ उ. ३ बोटे' असा मजकूर. मोजमाप सेंटिमीटरमध्ये नाही, इंचातही क्वचित. बोटे, वीत, आणि 'बाबाच्या मापाने'. पानाची वीण, जाळीची वीण, कणसाची वीण अशी नावे आणि समोर लोकर कुठून आली त्याची खूण. या खुणांनी माझे डोळे उघडले. अठ्ठावीस नोंदींपैकी नव्या लोकरीच्या फक्त सात. बाकी सगळीकडे 'दादाचा निळा', 'काकांचा तपकिरी + उरलेली पांढरी', 'वन्संचा शाल-मफलर' असे. एका निळ्या लोकरीचा मी माग काढला. पहिल्यांदा ती आजोबांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होती, साधारण अर्धा किलो. मग तिच्यातून मामांचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि एक कानटोपी निघाली. मग पांढऱ्याचे पट्टे घालून माझ्या थोरल्या बहिणीचा झगा-स्वेटर. मग माझा. शेवटी देवापुढचे आसन, आणि तिथे तिची कहाणी संपते, कारण आसन झिजते ते उसवण्यासारखे राहत नाही.

हे होऊ शकते ते विणकामाच्या रचनेमुळे. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन वेगळे धागे असतात. ते एकदा कातरले की सुताचे तुकडेच हाती येतात. सुयांवरच्या विणीत सगळी पाठ म्हणजे एकच धागा, एका फाशातून दुसरा फासा काढत गेलेला. बंद केल्याची शेवटची गाठ सापडली की ओढत जा, सगळे परत गुंड्यावर. सुरुवातीच्या टाक्यांकडून मात्र असे सरळ उसवत नाही. म्हणून शेवटची गाठ कुठे लपवली हे विणणारीलाच माहीत असे, आणि तिने ते सुनेला किंवा लेकीला दाखवून ठेवायचे. उसवलेल्या लोकरीला कुरळ्या पडलेल्या असतात. तिची दोन खुर्च्यांच्या पाठींवर लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली पाण्याचा तांब्या लटकवून सावलीत वाळवायची. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. कढत पाण्यात टाकली तर तंतू एकमेकांत मुरून घट्ट होतात आणि लोकर कायमची गेली. क्रोशाचेही उसवते, पण रुमाल कोणाला आखूड होत नाही, म्हणून ते टिकले. गरजेचे होते ते नाहीसे झाले, शोभेचे होते ते राहिले. संग्रहालयात जे दिसते त्यावरून बायकांच्या हातांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

मग पुरावा कुठे शोधायचा? मला तो शाळांच्या जुन्या समूहचित्रांत सापडला. साठ-सत्तरच्या दशकांतली कृष्णधवल छायाचित्रे भिंगाखाली धरा. हिवाळ्यात काढलेल्या चित्रात पुढच्या रांगेतल्या पोरांच्या स्वेटरवर आडवे पट्टे दिसतात. आम्ही त्याला नक्षी समजत होतो. नक्षी असती तर पट्टे सारख्या अंतरावर आले असते. ते येतात पोटाशी, कोपराशी, बाहीच्या टोकाशी, म्हणजे जिथे जुनी लोकर संपली किंवा विरली तिथे. एका चित्रात दोन भावांच्या स्वेटरचे पट्टे एकमेकांना पुरवणी आहेत. थोरल्याच्या पट्ट्याचा जो रंग, तोच धाकट्याच्या अंगाचा.

हा व्यवहार मोडला तो धाग्याने. सत्तरच्या दशकापासून कृत्रिम लोकर आली. तिला आमच्याकडे सरसकट 'कॅशमिलॉन' म्हणत. मुळात ते जपानच्या असाही कासेई कंपनीच्या ॲक्रिलिक धाग्याचे नाव. रंग भडक आणि पक्के, कसर लागत नाही, डांबरगोळ्या नकोत, आणि किंमत लोकरीच्या मानाने फारच कमी. बायकांना ती आवडली यात नवल नाही. मीही पहिले टोपडे तिच्यावरच शिकले, आणि ज्यांना ती हलकी वाटते त्यांच्याशी माझे भांडण आहे. गरिबाघरच्या बाळाला तिने पहिल्यांदा गुलाबी रंग दिला. पण दोन हिवाळ्यांत तिच्यावर गोळे धरतात, इस्त्री लागली की ती मेल्यासारखी लोळते, आणि उसवून विणली तर कळा जाते. खरी लोकर ओळखायची तर धागा जाळून बघा : केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ज्या वहीत 'दादाचा निळा' असे लिहीत, तिच्यात १९८० नंतर 'गुलाबी ४ गुंडे, दुकान' असे येऊ लागते.

नंतर तयार स्वेटरच आले. तिबेटी निर्वासित लुधियानाचा माल घेऊन हिवाळ्यात गावोगावच्या मैदानांत दुकाने थाटू लागले. १९५९ नंतर आलेल्या या लोकांची एक वसाहत महाराष्ट्रातही आहे, गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग. मराठवाड्यातल्या शहरांत त्यांचा बाजार लागला की थंडी आली असे समजतात. मायलेकी दुकान चालवतात, आणि गिऱ्हाईक नसले की त्यांच्यातली एखादी म्हातारी सुया घेऊन विणत बसलेली असते. विकायला यंत्रावरचे, हातात स्वतःचे. मी एकदा तिच्या सुईकडे बघत उभी राहिले. ती हसली आणि टाके मोजून दाखवले. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण ती धागा डाव्या हातात धरते आणि मी उजव्या, एवढे दोघींच्या लक्षात आले.

राहिला कापूस. परभणीच्या मातीतला देशी कापूस, ज्यातून निजामाच्या काळात 'गावरानी ६', 'गावरानी १२' असे वाण निवडले गेले, त्याच्या सुतावर आपल्याकडे विणकाम का वाढले नाही, असे मला वाटायचे. २००२ नंतर बीटीने शिवार व्यापले तरी कृषी विद्यापीठ देशी वाणांवर काम करते आहे. हातकताईचे जाड सूत मिळवून मी एक बिनबाह्यांचा स्वेटर विणला. दिसला देखणा. आठवड्यात त्याचा गळा खांद्यावर आला आणि बॉर्डर सैल पडून फडफडू लागली. लोकरीच्या तंतूला अंगचीच कुरळी असते, ताणली की ती परत येते. कापूस ताणला की ताणलेलाच राहतो. त्यावर 'एक सुलट एक उलट' घालून उपयोग नाही. पिशव्या आणि भांडी पुसायचे रुमाल मात्र उत्तम होतात, आणि तो स्वेटर उसवून मी सध्या तेच करते आहे.

सुरुवातीला म्हटले त्या चार लोकरी वस्तूंपैकी एक आमच्या घरातली, वडिलांचा बाटलीहिरवा स्वेटर. आईने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, १९६८ मध्ये विणलेला. धागा जाळून पाहिला, अस्सल लोकर. वडील गेल्यावरही तो उसवला गेला नाही, कारण तोवर घरात कोणाला उसवण्याची गरज राहिली नव्हती. म्हणजे तो प्रेमामुळे टिकला असे मला वाटत होते, तो टिकला ॲक्रिलिकमुळे. मी त्याला कडुलिंबाचा पाला घालून सुती पंचात बांधून ठेवले होते, एखाद्या संस्थेला द्यावा म्हणून.

यंदा पुण्याच्या भाचीला दिवस राहिले. बाळंतविडा करायचा म्हणून आईने पेटी उघडायला सांगितली आणि स्वेटर मांडीवर घेतला. मी अभ्यासाचे सांगू लागले, की जिल्ह्यात असे चारच आहेत. ती म्हणाली, "ठेवून काय करतेस गं? कसर खाईल. आतून मलमलीचं अस्तर लावलं की लेकराला टोचणार नाही."

दोन दिवस मी विषय टाळला. तिसऱ्या दिवशी त्याची सगळी मापे घेतली, छायाचित्रे काढली, पाठीचे टाके मोजले. एकशेबारा, वहीत आहेत तेवढेच. मुंढ्याशी एक चूक सापडली, तीन ओळी उलट्याच्या जागी सुलट. आईला दाखवली तर म्हणाली, त्या दिवशी लाइट नव्हती. शेवटची गाठ मात्र मला सापडेना. मी गळ्याशी शोधत होते. आईने चष्मा न लावता डाव्या खांद्याच्या शिवणीत बोट घातले आणि टोक बाहेर काढून माझ्या हातात दिले.